मोठ्यातून धाकटं

सोमवार, ३ नोव्हेंबर

मोठ्या सरांच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. आजच्या सभेत फर्मान निघालं की प्रत्येक शिक्षकानं फोनवर खातं उघडायचं आणि आठवड्यातून तीनदा आपल्या शिकवण्याबद्दल चार ओळी लिहायच्या. चारच, जास्त मावतच नाहीत. तिथं म्हणे गावोगावचे शिक्षक असतात आणि एकमेकांकडून शिकतात. मी विचारलं, "एकोणतीस वर्षं गणित शिकवल्यावर मी आता कोणाकडून काय शिकायचं?" सर म्हणाले, "बाई, तुम्ही शिकू नका, तुम्ही शिकवा." माणूस धूर्त आहे, उगीच नाही मुख्याध्यापक झाला.

खातं दादूनं उघडून दिलं. आमचं एकुलतं एक रत्न. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर आहे, एका वेळी चाळीस शर्ट कापतो. "घरात दोन मास्तर, मी एकटाच विद्यार्थी," असं हे म्हणतात. मला तो विनोद आवडत नाही. गणिताच्या बाईंचा मुलगा दहावीला गणितात नापास झाला, यात हसण्यासारखं काय आहे? आकड्यांचं डोकंच नाही त्याला. ह्यांच्यावर गेलाय.

"नाव काय टाकू?" दादूनं विचारलं. मी म्हटलं, "गणिताच्या बाई." मग म्हणाला, स्वतःबद्दल एक ओळ लागते. मी सांगितलं, "निष्काळजीपणा खपवून घेत नाही." त्यानं ते टाइप केलं आणि फोन माझ्या हातात देऊन चप्पल घालून बाहेर गेला. चहा तसाच राहिला त्याचा. कामाची फार घाई असते या लोकांना.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

तिथं काय लिहायचं हा प्रश्न मला पडलाच नाही. माझी नियमवही आहे ना. चव्वेचाळीस नियम, सगळे मी स्वतः यमक जुळवून रचलेले. पोरं चालता-बोलता म्हणतात. आता तर आमच्या संस्थेच्या अकराही शाळांसाठी ती वही छापून निघणार आहे. एकोणतीस तारखेला छापखान्यात जाणार, मुखपृष्ठावर माझं नाव. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. माणसानं मागं काय ठेवावं? कोणी घर ठेवतं, कोणी सोनंनाणं. माझे चव्वेचाळीस नियम राहतील, मी गेल्यावरही चौथीच्या वर्गात ते कोणीतरी म्हणत असेल. कबूल करते, हे लिहिताना गालातल्या गालात हसत होते.

आज पहिला नियम टाकला. "खालचा आकडा जेवढा मोठा, तेवढा अपूर्णांक छोटा." तासाभरात एकोणीस जणांना आवडला. एकानं लिहिलं, "बाई, उद्याच वर्गात वापरतो." वापर बाबा, त्यासाठीच आहे.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दोनशे बारा जण माझ्या मागं लागलेत, म्हणजे फॉलोअर. शेजारच्या वर्गाच्या चित्रकलेच्या बाईंना सतरा आहेत. मी त्यांना आकडा सांगितला नाही, त्यांनी विचारला म्हणून सांगावा लागला.

खोटं कशाला बोला, जागा वाईट नाही. एका एकशिक्षकी शाळेत शिकवणाऱ्या मुलीनं विचारलं होतं की तीन इयत्ता एका खोलीत, गणित कसं घेऊ. मी लिहिलं की मोठ्यांना धाकट्यांचे पेपर तपासायला बसव, दोन्ही शिकतात. चाळीस जणांनी आभार मानले. मग एका गुरुजींनी मला सांगितलं की पाढे उलटे म्हणून घेत जा. काल घेतले. वर्गाची झोप उडाली. म्हणजे शिकले मी काहीतरी, पण मोठ्या सरांना हे सांगणार नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

डोकं तापलंय.

सकाळी माझा सगळ्यांत लाडका नियम टाकला. वजाबाकीचा. तिसरीत पहिल्याच दिवशी देते मी तो. "मोठ्यातून धाकटं काढा, वजाबाकीचा एवढाच धडा." दीडशे जणांना आवडला. दुपारी एक आगंतुक आली. खात्याचं नाव हिरवी शाई. कुठल्याशा शाळेत तिसरीला शिकवते, आणि लाल पेन वापरत नाही म्हणून हे नाव. तिनं लिहिलं, "बाई, बावन्न वजा अडतीस तुमच्या नियमानं करून बघाल का? एककात दोन आणि आठ. मोठ्यातून धाकटं काढलं, आठातून दोन गेले, सहा. दशकात पाचातून तीन गेले, दोन. उत्तर सव्वीस. खरं उत्तर चौदा."

उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी कळवलं की हातचा घ्यायचा असतो आणि तो मी दुसऱ्याच दिवशी शिकवते. त्यावर तिचं उत्तर: "पहिल्या दिवशी यमकात ऐकलेलं पोरं विसरत नाहीत. दुसऱ्या दिवशीचं विसरतात."

जेवताना मी नियम दोघांना मोठ्यानं म्हणून दाखवला आणि या बाईचा आगाऊपणाही सांगितला. ह्यांनी दादूकडे पाहिलं. दादू ताटावरून उठला, अर्धं टाकून. पोट बिघडलं असणार, बाहेरचं खातो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

हिरव्या शाईला माझा पिच्छा सोडवत नाही. त्या लोकांची एक पद्धत आहे. दर शुक्रवारी प्रत्येकानं वर्गातलं एक चुकलेलं उत्तर टाकायचं, मुलाचं नाव न सांगता, आणि खाली त्या मुलाचे शब्द जसेच्या तसे. "कसं केलंस, सांग बघू," एवढंच विचारायचं. रागवायचं नाही, मध्ये बोलायचं नाही. याला म्हणतात शुक्रवारची चूक. घरातली धुणी चव्हाट्यावर धुवायची हौस, दुसरं काय.

ती म्हणते, "बाई, एकदा विचारून तर बघा. मी चूक ठरले तर सगळ्यांसमोर माफी मागेन."

सगळ्यांसमोर म्हणाली आहे. आता मी सोडते होय.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

चौथीच्या एक्केचाळीस जणांना दहा वजाबाक्या दिल्या, सगळ्या हातच्याच्या. चौदा जणांच्या चुकल्या. मी मनात म्हटलं, असतील काही बेफिकीर, दरवर्षी असतात. एकेकाला टेबलापाशी बोलावलं.

पहिली आली दोन वेण्यांची ती बोलकी पोर. बावन्न वजा अडतीस, उत्तर सव्वीस. मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, कसं केलंस, सांग बघू. पोर घाबरली. गोड आवाजाची सवय नाही माझ्या वर्गाला. मग म्हणाली, "बाई, मोठ्यातून धाकटं काढलं." आणि डोलत डोलत नियम म्हणून दाखवला, दोन्ही ओळी.

मी विचारलं, हातचा कुठं गेला? ती म्हणाली, "बाई, आठातून दोन जातातच की. मग हातचा कशाला?"

दुसरा आला, तेच. तिसरी आली, तेच. चौदांपैकी अकरा जणांनी मला माझाच नियम ऐकवला. एकानंही आळस केला नव्हता. आकडे सुबक, ओळी सरळ, खाली रेघ मारलेली. मी चौदा वह्यांवर आधीच शेरा मारून ठेवला होता, तोच जो एकोणतीस वर्षं मारत आले. निष्काळजीपणा.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हिरव्या शाईनं विचारलंय, "काय झालं बाई?" उत्तर दिलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

आज छपाईपूर्वीची प्रत हातात आली. निळं मुखपृष्ठ, मधोमध माझं नाव, माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्या अक्षरात. मोठे सर म्हणाले, "शेवटची नजर टाका आणि सही करून पाठवा." मी घरी आणली. अकराव्या पानावर तो नियम आहे, भोवती वेलबुट्टी काढलेली. मग बाकीचे नियमही बघत बसले, हिरव्या शाईच्या नजरेनं. अपूर्णांकाचा नियम घ्या. तीन चतुर्थांश आणि एक तृतीयांश यांत चार मोठा म्हणून तीन चतुर्थांश छोटा? दहानं गुणताना शून्य लावायचं, मग अडीचचं काय होतं? चव्वेचाळीसांपैकी सात फुटले.

खरं लिहिते, इथं नाही तर कुठं लिहिणार. मनात आलं की सही करावी. कोणाला कळतंय? एवढी पोरं शिकलीच ना माझ्या हाताखाली, डॉक्टर झाली, इंजिनिअर झाली. हिरव्या शाईला काय, ती दुसऱ्या गावची. नाव छापून येईल, दीड वर्षानं मी घरी.

ह्यांना म्हटलं, "चौदा पोरं चुकली हो माझ्या नियमानं." हे पेपर वाचत होते. म्हणाले, "चौदाच?" आणि पान उलटलं. कधीकधी या माणसाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हे टपालखात्यात होते. घरातला कागद न् कागद वर्षवार लावून ठेवायची खोड आहे. सकाळी चहाच्या कपाशेजारी एक फाईल ठेवलेली दिसली. वर त्यांच्या अक्षरात, "दादू, तिसरी." मी विचारलं हे कशाला काढलं, तर म्हणाले, "हवी असेल असं वाटलं," आणि भाजी आणायला निघून गेले. भाजी घरात होती.

त्या वर्षी दादू माझ्याच वर्गात होता. आईचा मुलगा म्हणून सवलत देते असं कोणी म्हणू नये, यासाठी मी त्याच्याशी इतरांपेक्षा दुप्पट कडक वागायचे. याचा मला अभिमान होता.

वजाबाकीचा पेपर. नऊ गणितं. त्र्याहत्तर वजा अठ्ठेचाळीस, उत्तर पस्तीस. एक्क्याण्णव वजा सत्तावीस, शहात्तर. साठ वजा चौतीस, चौतीस. प्रत्येकावर माझी लाल फुली. वर शून्य, आणि खाली पानभर तिरकं, "निष्काळजीपणा! आईला मान खाली घालायला लावलीस." त्या दिवशी मी त्याला पेपर हातात धरून वर्गासमोर उभा केला होता, तास संपेपर्यंत.

नऊच्या नऊ गणितं मी आज पुन्हा केली, माझ्या नियमानं. नऊच्या नऊ उत्तरं त्यानं लिहिली होती तीच आली. एकाही ठिकाणी पोरानं नियम मोडला नव्हता. अख्ख्या वर्गात माझा शब्दन् शब्द ऐकणारा तो एकटा होता, आणि मी त्याला उभा केला.

शाळेत जाऊन आले. काय शिकवलं ते आठवत नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

अर्ध्या दिवसाची शाळा सुटल्यावर दादूच्या कारखान्यात गेले. सात वर्षं तो तिथं मास्तर आहे आणि मी आज पहिल्यांदा आत पाऊल टाकलं. लांबच लांब टेबल, त्यावर कापडाचे थर, वर पुठ्ठ्याचे नमुने मांडलेले. दादूच्या गळ्यात टेप, कानामागं खडू. मला बघून त्यानं मशीन बंद केलं. "काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

मी पेपर टेबलावर ठेवला. म्हटलं, "दादू, ही चूक तुझी नव्हती. माझी होती. मी नियम चुकीचा शिकवला आणि तू तो बरोबर पाळलास."

त्यानं पेपराकडे पाहिलं, हात लावला नाही. म्हणाला, "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"इथं लागलो त्या पहिल्या महिन्यापासून. माझ्या हिशोबानं पस्तीस इंच कापड उरायचं, टेबलावर पंचवीसच असायचं. मला वाटायचं कोणीतरी कापड पळवतंय. शेवटी एका दुपारी टेपवर बोट ठेवून एकेक इंच मोजला, तेव्हा कळलं."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? सगळी शाळा तुझे नियम पाठ म्हणायची. तू वही घेऊन बसलीस की किती खूश दिसायचीस." मग त्यानं खडू कानामागून काढून टेबलावर ठेवला. "शून्य मिळालं त्याचं मला काही वाटलं नाही ग आई. ढ म्हणाली असतीस तरी चाललं असतं. निष्काळजी म्हणालीस ते लागलं. मी तो पेपर दोनदा तपासला होता."

मला रडू आलं. कारखान्यात सगळ्यांसमोर. वर्गात मी आजवर कधी डोळ्यांतून पाणी काढलं नाही. दादूनं स्टूल ओढून दिलं आणि कोणीतरी चहा आणला. मी म्हटलं, "मला माफ कर." तो म्हणाला, "बरं, चहा पी आधी." यापेक्षा जास्त बोलायची आम्हा दोघांनाही सवय नाही.

चहा पिऊन झाल्यावर मी त्याला विचारलं, चोवीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं ते. "त्र्याहत्तर वजा अठ्ठेचाळीस. तू कसं करतोस, सांग बघू."

त्यानं गळ्यातला टेप टेबलावर पसरला. "अठ्ठेचाळीसवर बोट ठेवायचं. पन्नासपर्यंत दोन. पन्नासपासून त्र्याहत्तरपर्यंत तेवीस. झाले पंचवीस. हातचा नको, काही नको." हे सांगायला त्याला लागला तेवढाही वेळ उत्तराला लागला नव्हता. शेजारच्या टेबलावरचा माणूस मला म्हणाला, "आमच्या मास्तरांनी कापलेलं कापड वाया जात नाही, काकू. पाच वर्षं बघतोय." दादू त्याला म्हणाला, "तू काम कर." पण कान लाल झाले होते त्याचे. लहानपणीही असेच व्हायचे.

सोमवार, २४ नोव्हेंबर

प्रत मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवली आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. संस्थेला काय सांगू, अकरा शाळांना कळवलंय, एवढ्याशा गोष्टीचा बाऊ कशाला. शेवटी म्हणाले, "बाई, निवृत्तीच्या तोंडावर स्वतःच्या नावाला बट्टा लावून घेताय." मी म्हटलं, "बट्टा लागलेलाच आहे सर, मी फक्त दाखवतेय. सात नियम काढा, त्यांच्या जागी ते का चुकले ते छापा. नाहीतर माझं नाव काढा." विचार करून सांगतो म्हणाले. करू दे विचार. मान ताठ ठेवून बाहेर आले.

मग चौथीत जाऊन सांगितलं, "मुलांनो, मोठ्यातून धाकटं हा नियम चुकीचा आहे आणि तो मी शिकवला." दोन वेण्यांच्या पोरीनं हात वर केला. "बाई, मग आमचे मार्क वाढणार का?" वाढवले. मग दादूकडून आणलेला टेप फळ्यावर लावला आणि त्याची पद्धत शिकवली. चौदांपैकी बारांना पहिल्या फटक्यात जमली. पद्धत कोणाची असं एकानं विचारलं. मी म्हटलं, एका कटिंग मास्तरांची. माझ्या मुलाची. हे वर्गात म्हणताना छाती अशी काही भरून आली की मी पुन्हा एकदा म्हटलं.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

दादूला विचारलं, तुझा पेपर तिथं टाकू का? नाव घालायचं नसतं. तो म्हणाला, "नाव नको, पण तुझा मुलगा आहे हे घाल. नाहीतर लोक म्हणतील दुसऱ्याच्या पोराची चूक काढतेय."

चार ओळींत बसवायला एक तास लागला. "शुक्रवारची चूक. ७३ वजा ४८ बरोबर ३५. मुलाचे शब्द: 'मी तो पेपर दोनदा तपासला होता.' चूक बाईंची. मुलगा माझा, आता कटिंग मास्तर, आणि त्याची वजाबाकी माझ्यापेक्षा चांगली आहे." खाली पेपराचा फोटो, माझ्या लाल शेऱ्यासकट.

साठ-सत्तर जण मला सोडून गेले. एकानं लिहिलं की अशा बाईंना घरी बसवा. दिवसभरात दोनशे अकरा शिक्षकांनी आपापला फुटका नियम लिहिला, कोणी वीस वर्षं शिकवलेला, कोणी काल शिकवलेला. एका गुरुजींनी लिहिलं की उद्या ते एका जुन्या विद्यार्थ्याच्या दुकानात जाणार आहेत. हिरव्या शाईनं माफी मागायचा प्रश्नच नव्हता, तरी तिनं लिहिलं, "बाई, मला तुमच्या वर्गात बसायचंय." आता खोटा विनय कशाला, मला फार बरं वाटलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

वही आज छापखान्यात गेली नाही. मोठ्या सरांचा निरोप आहे की जानेवारीत बघू, तुमचं ते सात चुकलेल्या नियमांचं पान पहिलं ठेवू की शेवटचं ते ठरवा. पहिलं, म्हणून कळवलं.

संध्याकाळी दादू लवकर आला. मी पेपर फाईलमध्ये ठेवत होते. म्हणाला, "बाई, फेरपरीक्षा घेता का?" मस्करीच करत होता. पण मी कागद पुढं केला आणि तीच नऊ गणितं त्याच क्रमानं सांगितली. तो जेवणाच्या टेबलावर खाली मान घालून बसला. अंक अजून तसेच काढतो, सात वळवून. हे पेपर बाजूला ठेवून बघत होते. दोन मिनिटंही लागली नाहीत. मग त्यानं वरपासून खालपर्यंत एकदा नजर फिरवली, पुन्हा एकदा फिरवली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "तपासा."

मीही दोनदा तपासला. नऊच्या नऊ बरोबर.